एकोणीस मिनिटे

मागच्या हंगामात काढलेल्या एका छायाचित्राने माझी झोप उडवली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होईल. पण संगणक सुरू केला की ते एकदा उघडून पाहायचे आणि काही न करता पुन्हा मिटवायचे, हा चाळा मला लागला हे मात्र खरे. छायाचित्र चांगले आहे. ज्यांना दाखवले त्यांनी तसे मनापासून सांगितले. खाली पांढऱ्या वाळूचा चिंचोळा पट्टा, मागे दुपारच्या उन्हात शिशासारखा दिसणारा समुद्र, आणि या दोहोंच्या मधली सगळी हवा पंखांनी भरलेली. दीड-दोनशे छोटे सुरय पक्षी एकाच वेळी उठलेले आहेत. काही इतके जवळ, की त्यांची पिवळी चोच, डोक्यावरची काळी टोपी आणि कपाळावरचा पांढरा ठिपकाही स्पष्ट दिसतो. सगळे पाहून झाल्यावर एका मित्राने साधाच प्रश्न विचारला, ‘इतके सगळे एकदम कसे काय उडाले?’ मी सहज म्हणालो, ‘मी उतरलो ना, म्हणून.’ वाक्य तोंडातून निघून गेले, आणि मग ते माझे मलाच वेगळे ऐकू आले.

त्या दिवशी आम्ही पक्षी पाहायला म्हणून निघालोच नव्हतो. होडीत दोन-तीन तास बसून पाय आखडले होते, समोर भरतीतही न बुडणारा वाळूचा एक उंचवटा दिसला, आणि जरा उतरून चालावे असे वाटले, इतकेच. होडी लागण्याच्या आधीपासून हवेत एक वास येत होता; वाळलेले मासे, खार आणि चुना यांचे मिश्रण असावे तसा, नाकाला झोंबणारा पण अगदीच नकोसा न वाटणारा. पहिले पाऊल वाळूत रुतले तेव्हा बुटांतूनही तळव्यांना चटका बसला. पुढच्या दहा-बारा पावलांत तो सगळा पांढरा पट्टा जणू जमिनीपासून सुटून वर आला. आवाज असा होता, की कुणीतरी शेकडो लहान कात्र्या एकदम चालवत आहे. पक्षी माझ्या डोक्यावर येत, क्षणभर थबकत, चिरकत आणि बाजूला होत. एकाची शीट माझ्या खांद्यावर पडली, तेव्हा होडीतले सगळे हसले आणि मीही हसलो. मला त्या क्षणी फार आनंद झाला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. आपल्यासाठी एवढे काही घडावे, असा तो आनंद होता. मी छायाचित्रे काढत पट्ट्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेलो, तिथे शंख वेचले आणि परत आलो.

मित्राच्या प्रश्नानंतर मी ते छायाचित्र पडद्यावर मोठे करून पाहिले. आजवर मी वरचा भाग पाहत होतो, पंखांचा. त्या रात्री पहिल्यांदा खालची वाळू पाहिली. शिंपल्यांचे तुकडे, वाळलेल्या शेवाळाची एक दोरी, काही खडे. खडे मातकट रंगाचे, त्यांवर तपकिरी ठिपके. दोन इथे, तीन तिथे. वाळूत हाताच्या तळव्याएवढा उथळ खळगा आणि त्यात खडे एकमेकांना टेकलेले. सात खळगे मोजले. सर्वांत जवळच्या खळग्यापासून वीतभर अंतरावर एका बुटाचा ठसा आहे. तो ठसा कुणाचा, हे विचारण्याची गरज नव्हती. मग मी त्या दिवसाची सगळी छायाचित्रे क्रमाने लावली. पहिले बारा वाजून सहा मिनिटांनी काढलेले होते, आणि होडीत बसल्यावर मागे वळून काढलेले शेवटचे बारा पंचवीसला.

एकोणीस मिनिटे.

एरवी एकोणीस मिनिटांत काय होते? चहा होतो, एखादा फोन होतो. पण वाळूवर अंडी घालणाऱ्या पक्ष्याच्या हिशेबात तो वेळ कसा मोजला जातो, हे त्यानंतर वाचत गेलो तसे माझे कुतूहल वाढले आणि समाधान कमी झाले. अंड्यावर बसणे म्हणजे ऊब देणे, अशी माझी शाळेपासूनची समजूत होती. उघड्या वाळूवर भर दुपारी गोष्ट नेमकी उलटी असते. तिथे पक्षी अंड्यांवर बसतो किंवा किंचित पंख उचलून त्यांच्यावर उभा राहतो, तो सावली देण्यासाठी. नर-मादी आळीपाळीने पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवतात आणि ओल्या अंगाने परत येऊन अंड्यांवर बसतात. अंड्यांना आणि स्वतःलाही गारवा मिळावा म्हणून. अंड्यातला जीव थोडा वेळ थंडी सोसतो, त्याची वाढ मंदावते आणि ऊब मिळताच पुन्हा सुरू होते. अति उष्णता मात्र तो फार काळ सोसू शकत नाही. शिवाय घरटी उघडी पडली, की कुरव आणि कावळे टपलेलेच असतात. त्यांना माणसाची भीती वाटत नाही. उलट माणूस आला म्हणजे पाने वाढली गेली, असा त्यांचा अनुभव असतो. पिल्ले असतील तर ती वाळूला चिकटून निश्चल पडतात, आणि हाच त्यांचा एकमेव बचाव असल्यामुळे चालणाऱ्याच्या पायाखाली येतात. माझ्या शेवटच्या छायाचित्रात दूर वाळूवर दोन कुरव उतरलेले दिसतात. त्या वेळी मला ते चौकटीत छान बसले आहेत असे वाटले होते.

लहानपणी घराच्या आढ्यात चिमणीने घरटे केले, की आजी दिवसातून दोनदा बजावत असे, ‘हात लावू नकोस हं, माणसाचा हात लागलेले पिल्लू चिमणी पुन्हा घेत नाही.’ पुढे कळले, की हे खरे नाही. बहुतेक पक्षी माणसाच्या वासामुळे पिल्लाला टाकत नाहीत, आणि घरट्यातून पडलेले पिल्लू अलगद उचलून परत ठेवले तर आई त्याला भरवते. हे कळल्यावर मी आजीच्या अज्ञानाला थोडेसे हसलोही होतो. आता वाटते, तिने सांगितलेले कारण चुकीचे होते आणि नियम अगदी बरोबर होता. मला मात्र कारणाची चूक सापडल्याबरोबर नियमही मोडीत निघाला. पट्ट्यावरून नुसता चालून गेलो, कुठल्याही पक्ष्याला हात लावला नाही, म्हणजे मी काहीच केले नाही, असे मी प्रामाणिकपणे समजत होतो.

या पक्ष्यांनी बेटे निवडली ती आपल्यासारख्या पायांपासून लांब राहण्यासाठीच. किनाऱ्यावर कोल्हे, कुत्री, मुंगसे आणि साप असतात. पाण्याने वेढलेल्या उंचवट्यावर ते सहसा पोहोचत नाहीत. म्हणून जमिनीवर उघडी अंडी घालण्याचे धाडस तिथे परवडते, आणि एकदा सुरक्षित जागा सापडली की सगळे तिथेच गर्दी करतात. ही गर्दी म्हणजे त्यांचे बळ आणि त्यांचा धोकाही. कॅलिफोर्नियाच्या आखातातले मेक्सिकोचे इस्ला रासा हे बेट एक चौरस किलोमीटरही भरत नाही, आणि एलिगंट टर्न या सुरयाच्या साऱ्या जगातल्या संख्येपैकी सुमारे ९५ टक्के पक्षी वर्षानुवर्षे तिथेच घरटी करत आले आहेत. लक्षद्वीपमधले पिट्टी हे असेच, एकही झाड नसलेले वाळू-प्रवाळाचे ठिगळ. आपल्या वेंगुर्ल्यासमोरचे खडक त्याहून उंच आणि राकट, पण सुरयांच्या दृष्टीने त्यांचे मोल तेच. नकाशात या जागा टाचणीच्या टोकाएवढ्याही दिसत नाहीत. एखाद्या जातीचे सगळे भवितव्य अशा एका टोकावर तोललेले असू शकते, ही कल्पना मला अजूनही नीट पेलत नाही.

या बेटांच्या रक्षणाचा इतिहास सुरू झाला तेव्हा शत्रू ओळखणे सोपे होते. त्याच्या हातात बंदूक असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्त्रियांच्या टोप्यांवर बगळ्याची पिसे लावण्याची टूम आली, आणि ही पिसे विणीच्या काळातच सर्वांत सुंदर असल्यामुळे शिकारी नेमके वसाहतीतच शिरत. मोठे पक्षी मारले जात आणि पिल्ले घरट्यांत उपाशी मरत. त्याविरुद्ध पहिल्यांदा संघटित होणाऱ्यांतही स्त्रियाच पुढे होत्या, हे विशेष. इंग्लंडमध्ये १८८९ साली एमिली विल्यमसन यांनी, आणि बोस्टनमध्ये १८९६ साली हॅरिएट हेमेनवे आणि मिना हॉल यांनी आपल्या वर्तुळातल्या बायकांना पिसांचा त्याग करायला लावले. फ्लोरिडातल्या पेलिकन आयलंडला १४ मार्च १९०३ रोजी थिओडोर रूझवेल्ट यांनी संरक्षण दिले, आणि पॉल क्रोगेल हा नावाडी तिथला पहिला राखणदार झाला. पगार महिना एक डॉलर. दोनच वर्षांनी, जुलै १९०५ मध्ये, त्याच राज्याच्या दक्षिण टोकाला गाय ब्रॅडली हा दुसरा राखणदार पिसांच्या शिकाऱ्यांना अडवायला गेला आणि गोळी लागून मेला. हे वाचताना माझ्या मनाने आपोआप क्रोगेलच्या होडीत जागा घेतली होती. आपण नेहमी राखणदाराच्याच बाजूचे असतो. पण विचार करता करता हे लक्षात आले, की आज क्रोगेल त्या वाळूच्या पट्ट्यावर असता, तर त्याने होडी वल्हवत ज्याला अडवायला यायचे तो मीच होतो. हातात बंदुकीऐवजी कॅमेरा, अंगावर टोपीऐवजी दुर्बीण, आणि मनात पक्ष्यांविषयी अपार प्रेम.

घरट्यांजवळ उभ्या असलेल्या पक्ष्याला प्रेम आणि बंदूक यांतला फरक कळत नाही. त्याला फक्त अंतर कळते. फ्लोरिडातल्या संशोधकांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात माणसे किती जवळ आल्यावर पक्षी उठतात हे मोजून, बगळ्यांच्या वसाहतींपासून सुमारे १०० मीटर आणि सुरय व पाणचिऱ्यांच्या वसाहतींपासून १८० मीटर अंतर राखावे, असे सुचवले होते. ‘जवळ जाऊ नका’ यापेक्षा हा आकडा मला अधिक उपयोगी वाटतो, कारण ‘जवळ’ म्हणजे किती, हे आपण नेहमी आपल्या सोयीने ठरवतो. १८० मीटरवरून छोटा सुरय नुसत्या डोळ्यांना पांढऱ्या ठिपक्यापेक्षा जास्त काही दिसत नाही. छायाचित्र तर येणारच नाही.

कॅलिफोर्नियातल्या बोल्सा चिका या संरक्षित पाणथळीत मे २०२१ मध्ये जे घडले, ते वाचल्यावर माझ्या एकोणीस मिनिटांना एक भयंकर मोठा भाऊ मिळाला. तिथे ड्रोन उडवण्यास बंदी होती. कुणीतरी उडवला, आणि तो घरट्यांच्या बेटावर कोसळला. शिकारी पक्षीच आला असे समजून एलिगंट टर्न उठले, हजारोंच्या संख्येने उठले, आणि परत आलेच नाहीत. वाळूवर दीड हजाराहून अधिक अंडी तशीच राहिली. त्या ओसाड पट्ट्याची छायाचित्रे तेव्हा जगभर फिरली; त्यांत पक्षी नाहीत, फक्त अंडी आहेत, दूरवर विखुरलेली. माझ्या छायाचित्रातले पंख पुसून टाकले, तर खाली जे उरेल ते हेच. त्याच उन्हाळ्यात जवळच्या लाँग बीच बंदरात नांगरलेल्या दोन सपाट मालवाहू तराफ्यांवर याच जातीच्या सुरयांनी वसाहत केली. बेटावर उठलेलेच पक्षी तिथे गेले असावेत, असा तर्क अनेकांनी केला. तराफ्याला वाळूचा उतार नसतो. पिल्ले चालू लागली की कडेवरून थेट पाण्यात पडत, आणि वर चढण्याची वाट नसल्यामुळे दमून बुडत. पक्षी वाचवणारे लोक होड्या घेऊन दिवसचे दिवस त्यांना जाळ्यांनी उचलत होते, आणि त्यांनी शेकडो पिल्ले वाचवली. या हकीकतीतले सर्वांत बोचणारे दृश्य मला त्या लोखंडी तराफ्याचे वाटते. चहूबाजूंनी पाणी, वर सपाट जागा, कोल्हा नाही, कुत्रा नाही. सुरयाच्या दृष्टीने ते बेटच होते. त्याचे काही चुकले नव्हते.

आता इथवर आल्यावर मी स्वतःशी ठरवून टाकले होते, की या सगळ्यावर एकच उपाय आहे, तो म्हणजे माणसाने तिकडे फिरकू नये. बेटे त्यांची त्यांना सोडून द्यावीत. हा निष्कर्ष मला आवडला होता, कारण त्यात करण्यासारखे काहीच नव्हते आणि पश्चात्तापही भागत होता. पण तो टिकला नाही.

तो टिकला नाही, कारण आपण आधीच तिथे जाऊन आलेलो आहोत, आणि येताना बरेच काही मागे ठेवून आलो आहोत. जहाजांतून उंदीर उतरले. ब्रिटनच्या पश्चिमेला असलेल्या लंडी बेटावर २००१ साली मँक्स शिअरवॉटर या बिळात घरटे करणाऱ्या पक्ष्याची जेमतेम ३०० जोडपी उरली होती. पुढच्या तीन वर्षांत उंदीर संपवण्यात आले आणि २०१७-१८ पर्यंत जोडपी ५,००० च्या वर गेली. हे आकडे वाचून आनंद होतो, आणि मग तो आनंद कशावर उभा आहे ते आठवते. एखाद्या बेटावरचा शेवटचा उंदीर मरेपर्यंत विष टाकत राहायचे, कारण एक गरोदर मादी उरली तरी सगळे श्रम वाया जातात, हे काम मी करू शकलो असतो का, याचे उत्तर माझ्याजवळ नाही. उंदराचाही त्यात काही दोष नव्हता. ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका यांच्या मधल्या मॅक्वारी बेटाची गोष्ट तर माणसाला चांगलीच खाली बघायला लावते. तिथल्या मांजरी पक्षी मारत म्हणून त्या २००० सालापर्यंत काढून टाकल्या. सशांवरचा एक धाक गेला, त्यांना आवरणारा रोगही पुरा पडेना, आणि सशांनी डोंगरउतार असे बोडके केले की दरडी कोसळू लागल्या. मग ससे, उंदीर आणि घुशी या सगळ्यांविरुद्ध वर्षानुवर्षे मोहीम चालली, तेव्हा कुठे २०१४ साली बेट मोकळे झाल्याचे जाहीर झाले. एका हाताने घातलेली गाठ सोडवायला दहा हात लागले, आणि त्यातल्या काही हातांनी मध्येच नवी गाठ घातली.

शिवाय काही बेटे सोडून द्यावीत म्हटले, तर ती राहतच नाहीत. लुईझियानातल्या क्वीन बेस बेटावर तपकिरी पाणकोळी घरटी करतात. कीटकनाशकांमुळे अंड्यांची कवचे पातळ होऊन त्या राज्यातून हा पक्षी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला नाहीसा झाला होता. फ्लोरिडातून पिल्ले आणून तो पुन्हा वसवला गेला. २०१० साली तेलगळतीने त्यांचे पंख काळे केले. आणि या सगळ्याच्या खाली, बेट हळूहळू पाण्यात विरघळत होते. घरट्यांना योग्य अशी जागा सुमारे ५ एकरांवर आली, तेव्हा नदीतली वाळू उपसून, खडकांचा बांध घालून २०२० पर्यंत ती ३६ एकरांच्या आसपास नेली गेली. चेसापीक उपसागरातले पॉप्लर बेट १८४७ साली १,१०० एकरांहून मोठे होते आणि १९९० च्या दशकात साधारण ५ एकर उरले. बाल्टिमोरच्या जहाजमार्गातून काढलेल्या गाळाने ते पुन्हा भरले जात आहे. ज्या जहाजांच्या वाटेसाठी समुद्राचा तळ खरवडला जातो, त्याच वाटेचा गाळ पक्ष्यांच्या पायाखाली घातला जातो, हे एका बाजूने मोठे समंजस वाटते, तर दुसऱ्या बाजूने घर पाडणाऱ्यानेच विटा आणून द्याव्यात तसे. पण वीट ही वीटच असते. त्यातही गंमत अशी, की कोलंबिया नदीत गाळ टाकून झालेल्या राइस आयलंडवर कॅस्पियन टर्न पक्ष्यांची अफाट वसाहत जमली, ते समुद्राकडे निघालेली सॅमनची पिल्ले लाखोंनी खाऊ लागले, आणि सॅमन स्वतःच संकटात असल्यामुळे १९९९ ते २००१ या काळात त्याच पक्ष्यांना समजूत घालून खालच्या दुसऱ्या बेटावर न्यावे लागले. तिथे खाण्यासाठी इतर मासे जास्त होते.

पक्ष्यांची समजूत कशी घालतात? या प्रश्नाने मला बरेच दिवस धरून ठेवले. अमेरिकेतल्या मेन राज्याजवळच्या ईस्टर्न एग रॉक या बेटावरचे पफिन हे समुद्रपक्षी एकोणिसाव्या शतकात शिकारीने संपले होते. १९७३ साली स्टीफन क्रेस यांनी न्यूफाउंडलंडहून पफिनची पिल्ले आणून तिथे हाताने केलेल्या बिळांत वाढवायला सुरुवात केली. पिल्ले समुद्रावर निघून गेली. पफिन दोन-तीन वर्षे जमिनीवर पाऊल ठेवत नाही, तेव्हा वाट पाहण्यापलीकडे काही करता येण्याजोगे नव्हते. क्रेस यांनी खडकांवर रंगवलेले लाकडी पफिन उभे केले, कारण एकाकी खडकावर पहिला येण्याची हिंमत कुणाचीच होत नाही. सुरयांसाठीही तसेच बाहुले मांडले आणि जोडीला वसाहतीच्या कलकलाटाचे ध्वनिमुद्रण लावले. १९८० साली सुरय परतले; १९८१ च्या जुलैत एक पफिन चोचीत मासे घेऊन बिळात शिरताना दिसला, म्हणजे आत पिल्लू होते. आठ वर्षे गेली होती. जवळजवळ नामशेष मानला गेलेला चिनी कलगीवाला सुरय २००० साली तैवानच्या मात्सू बेटांवर पुन्हा सापडला. २०१३ साली चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर याच युक्तीने, लाकडी पक्षी आणि मुद्रित आवाज वापरून, मोठ्या कलगीवाल्या सुरयांबरोबर त्यालाही घरटी करायला लावले गेले.

त्या बाहुल्यांची छायाचित्रे मी पुन्हा पुन्हा पाहिली. रंग ओबडधोबड, डोळ्यांच्या जागी ठिपका, पाय म्हणजे एक खुंटी. माझ्या सुंदर छायाचित्राच्या अगदी उलट वस्तू. मी उतरलो तेव्हा खरे पक्षी जागेवरून उठले. इथे खोटे पक्षी मांडून माणूस निघून जातो आणि त्यामुळे खरे उतरतात. ते बाहुले करणारा माणूस मला कुठेतरी लाकूड तासत बसलेला दिसतो. आपला पक्षी हुबेहूब व्हावा असा त्याचा आग्रह नसतो. वरून उडणाऱ्या एकाला खाली कुणीतरी आहे असे वाटावे, एवढेच त्याचे काम. आणि ते साधले की तो तिथे नसतो. व्हर्जिनियातल्या हॅम्प्टन रोड्स पुलाच्या कामामुळे सुमारे २५,००० पक्ष्यांची वसाहत जाणार होती, तेव्हा २०२० साली शेजारच्या जुन्या किल्ल्याच्या बेटावर वाळू पसरली गेली, तराफ्यांवर खडी-वाळू घालून ते नांगरले गेले, बाहुले मांडले गेले. आणि जुन्या जागी पक्ष्यांनी बसू नये म्हणून शिकवलेली कुत्री फिरवली गेली. तराफा या शब्दाशी मी इथे पुन्हा येऊन ठेचकाळलो. लाँग बीचला तो सापळा ठरला होता. इथे तोच तराफा, पण पिल्लांचा विचार आधी कुणीतरी केलेला होता. दोन्हींत फरक होता तो वाळूच्या एका थराचा आणि कडेच्या कठड्याचा.

ज्यांना हे सगळे सांगत सुटतो, ते कधी कधी कंटाळून विचारतात, की मग त्या सात घरट्यांचे काय झाले? मला माहीत नाही. कदाचित काहीच झाले नसेल. आम्ही निघाल्यावर पक्षी उतरले असतील, पोट भिजवून आले असतील आणि अंडी वाचली असतील. शेवटच्या छायाचित्रात बरेच पक्षी खाली बसलेले दिसतात. पण मी जिथून चाललो होतो तिथे, पट्ट्याच्या मधोमध, एक मोकळी लांबट पट्टी आहे. तिच्याकडे तोंड करून ते दोन कुरव उभे आहेत. छायाचित्र कितीही मोठे केले तरी त्यापुढचे काही त्यात नाही.

या हंगामात मी पुन्हा गेलो. नावाड्याला आधीच सांगून ठेवले होते, आणि त्याने फारसे काही न विचारता यंत्र बरेच अलीकडे बंद केले. वाळूच्या पट्ट्याचा आकार बदलला होता. एक टोक पावसाळ्याने खाल्ले होते, तर दुसरीकडे नवी जीभ निघाली होती. तिपाईवरची मोठी दुर्बीण होडीत स्थिर राहत नाही, म्हणून साधी हातातली दुर्बीण गुडघ्यांवर कोपर टेकवून धरली. उन्हामुळे हवा थरथरत होती आणि पांढऱ्या ठिपक्यांतले कुठले पक्षी, कुठले शिंपले, हे कळेना. मग एक ठिपका हलला. तो धरून ठेवला आणि घड्याळात पाहिले. बारा दहा.

पहिली काही मिनिटे तो पक्षी नुसता बसून होता, चोच किंचित उघडी. मग उभा राहिला, पंख शरीरापासून सुटे केले आणि चोच खाली घालून काहीतरी हलवले. अंडे फिरवले असावे. पुन्हा बसला. वाऱ्याची दिशा बदलली तसे त्याने तोंड फिरवले. बारा सतराला वरून दुसरा आला, चोचीत मासा. मासा दिला-घेतला गेला, थोडा वेळ दोघे शेजारी उभे राहिले आणि बसलेला उठून पाण्याकडे गेला. नव्याने आलेला अंड्यांवर बसण्यापूर्वी दोनदा सरकला, जणू त्याला ती जागा नीट बसत नव्हती. पहिला पक्षी लाटांच्या अगदी जवळून उडत गेला, पोट पाण्याला तीन-चारदा टेकवले आणि वळला. परत येताना तो माझ्या दृष्टीतून निसटला. दुर्बिणीत पुन्हा सापडला तेव्हा ओला पक्षी बसलेला होता आणि दुसरा बाजूला उभा होता. होडीतल्या कुणीतरी विचारले, ‘दिसतंय का काही?’ मी मान हलवली. बोलायला तोंड उघडले असते तर दुर्बीण हलली असती. एक कुरव पट्ट्यावरून संथपणे गेला, पाच-सहा सुरय उठून त्याच्या मागे लागले आणि त्याला पाण्यापर्यंत पोहोचवून परत आले. माझा पक्षी उठला नाही. त्याने पंख थोडे अधिक पसरले, आणि त्याची सावली वाळूवर थोडी रुंद झाली. बारा एकोणतीसला मी दुर्बीण खाली घेतली, तेव्हा तो तसाच बसलेला होता.